डब्यातलं अंडं आणि मूल्यशिक्षणाचा तास

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तसा आधी मांडते. तुमच्या बालवाडीत तीन ते पाच वयाची २४ मुलं. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या हिंदी, कन्नड, दखनी, एकाच्या घरी नेपाळी. संस्थेने रोज वीस मिनिटं मूल्यशिक्षणाचा तास लावायला सांगितलाय. तुम्ही गोष्ट सांगता, मुलं एका सुरात ‘नेहमी खरे बोलावे’ म्हणतात आणि पाचच मिनिटांत घसरगुंडीवर एकमेकांना ढकलतात. त्यात मागच्या आठवड्यात एकीच्या डब्यातलं उकडलेलं अंडं बघून शेजारचा ‘छी’ म्हणाला, ती रडली आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्याही आया दारात. तुम्ही विचारताय, इतक्या तऱ्हेच्या घरांतली मुलं असताना मूल्यं शिकवायची ती कुणाची?

मी भोसरीच्या बाजूला २६ वर्षं बालवाडी चालवतेय. कारखान्यांचा भाग. मराठवाड्यातून, बिदर-कलबुर्गीकडून, बिहारमधून आलेली कुटुंबं, खोल्या लागून लागून. त्या अनुभवावरून सांगते. एक मात्र आधीच कबूल करते की बरंच काही परिस्थितीवर आहे. तीन वर्षांचं मूल आणि पाच वर्षांचं मूल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हाताखाली मदतनीस आहे का, हाही मोठा मुद्दा आहे. २४ मुलांत एकट्या बाईने प्रत्येक भांडणापाशी बसायचं म्हटलं तर बाकीची २२ वाऱ्यावर. आणि वर्गात सगळे थोडेथोडे आहेत, की एकाच समाजाची वीस आणि बाकी चार, यानेही गणित बदलतं. ती चार असतात तेव्हा जास्त जपावं लागतं.

आता मूळ मुद्दा. ‘कुणाची मूल्यं’ असं विचारलं की आपण तिथेच अडकतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडतात. मी त्यांना माझ्यापुरतं रीत आणि नीत म्हणते. चपला कुठे काढायच्या, ताटात काय असतं, नमस्कार करायचा की सलाम, मोठ्यांना ‘तू’ म्हणायचं की ‘आप’, ही रीत. ती घरागणिक वेगळी असते आणि असू दे. कुणाला दुखावायचं नाही, नंबर मोडायचा नाही, दुसऱ्याच्या हातातलं हिसकायचं नाही, आपल्या हातून सांडलं तर पुसायला आपला हात पुढे यायला हवा, ही नीत. ही वर्गात सगळ्यांना एकच. तुमच्याकडची बहुतेक भांडणं मला तरी रीतीची दिसतात. नीतीबद्दल त्या दोन आयांना बसवून विचारलंत तर एकमतच निघेल.

मुलांना हा फरक कळतो का? कळतो, आणि आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधी. एकदा सकाळच्या गोलात मी विचारलं, ‘‘मी आज म्हटलं, चपला घालून वर्गात या, तर चालेल?’’ सगळे खूश. ‘‘चालेल!’’ दोघं तर उठून चपला आणायलाच निघाले. मग विचारलं, ‘‘आणि मी म्हटलं, आज शेजारच्याला मारलं तरी चालेल, तर?’’ गोल शांत. एकाने माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेतला. मग चार वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘‘तुम्ही म्हटलं तरी दुखतंच ना.’’ अमेरिकेत एलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी अशाच प्रकारचे प्रश्न लहान मुलांना विचारून पाहिले आणि त्यांना हेच आढळलं: बाईंनी परवानगी दिली तर नियम बदलतो, हे मुलांना रीतीच्या बाबतीत पटतं, मारण्याच्या बाबतीत पटत नाही. मी ते वाचलं फार नंतर. पण ‘दुखतंच ना’ या उत्तराने माझं कामाचं वळण बदललं. नीतीचं मूळ मुलाकडे असतंच. आपण त्याला पाणी घालायचं सोडून वर तात्पर्याची पाटी लावत बसतो.

आता तुम्ही म्हणाल, रेघ इतकी स्वच्छ असते का? नसते. जैन घरातल्या आजींना अंडं ही रीत वाटत नाही, त्यांच्या लेखी ती हिंसाच आहे, म्हणजे नीतच. त्यांना ‘तुमची ही नुसती रीत हो’ म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. मी म्हणतही नाही. मी म्हणते, तुमच्या नातवाने खाऊ नये, त्याच्या डब्याला कुणी हात लावणार नाही, ती जबाबदारी माझी. पण समोरच्याला ‘छी’ म्हणणं तुमच्याही घरच्या शिकवणीत बसत नाही. आजवर एकाही आजींनी यावर वाद घातलेला नाही.

अंड्याच्या त्या प्रसंगात मी काय केलं असतं ते सांगते. आधी रडणारीकडे. तिच्या शेजारी बसायचं, डबा बंद झाला असेल तर उघडायला मदत करायची आणि तिला खाऊ द्यायचं. भाषण नाही. मुलाला त्या क्षणी रागवायचं नाही. ‘छी’ त्याने घरून किंवा गल्लीतून उचललेला शब्द आहे, त्यामागे त्याचा विचार नाही. त्याला त्या शब्दाच्या जागी ठेवायला दुसरं वाक्य द्यायचं: ‘आमच्याकडे नाही खात.’ एवढंच. यात खोटं काही नाही, घरची शिकवण मोडत नाही आणि समोरचीचा डबा खराब होत नाही. ‘तुला आवडत नसेल तर बघू नकोस’ असं मी सांगत नाही. त्याने मूल पाठ फिरवायला शिकतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, डोळे कोरडे झाल्यावर, हातमोज्यांच्या दोन बाहुल्या काढायच्या. माझ्याकडे एक अस्वल आणि एक बदक आहे. अस्वलाने डब्यात कारल्याची भाजी आणली. कारलं मुद्दाम घेते, कारण त्यावर सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र ‘छीऽऽ’ म्हणतात. मग अस्वल काहीच बोलत नाही. हळूच झाकण लावतं आणि पाठ करून बसतं. मी पण काही बोलत नाही. ही शांतता सोसायला शिका, मोह होतो मध्येच बोलायचा. मागच्या वर्षी एक मुलगा बराच वेळ अस्वलाच्या पाठीकडे बघत होता, मग म्हणाला, ‘‘त्याच्या आईने केलंय.’’ त्या दिवशीचा माझा तास तिथे संपला.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्या संस्थेतलं कुणी ना कुणी तुम्हाला हेच सुचवणार आहे. सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं, सगळ्यांनी एका ताटात जेवलं की भेद संपला. गोपाळकाल्याची केवढी सुंदर कल्पना आपल्याकडे! म्हणून मी दर शनिवारी ‘डबा वाटून खा’ चालू केलं. सगळ्यांचे डबे एका परातीत, सगळ्यांनी सगळ्यांचं एकेक घास. तिसऱ्या शनिवारी एक मुलगी घास तोंडात धरून बसली, गिळेना, थुंकेना. डोळ्यांतून पाणी. तिच्या घरी दुसऱ्याचं उष्टं खायचं नाही असा कडक दंडक, आणि इकडे बाई म्हणतात खा, नाहीतर तू शहाणी नाहीस. चार वर्षांच्या लेकराला मी आई आणि बाई यांच्यात निवड करायला लावली होती. संध्याकाळी तिची आजी आली. भांडली नाही. फक्त म्हणाली, ‘‘बाई, पोर रात्रीची जेवंना.’’ मी रीत मोडायला नीतीचं नाव दिलं होतं.

तेव्हापासून वाटायचं ते अन्न सोडून बाकी सगळं. मातीचा गोळा, वाळूतली वाटी, खडूंचा डबा, झोका. लाल खडू मुद्दाम कमी ठेवते, म्हणजे वाटून घ्यावाच लागतो. ज्यांच्या घरी ताट वेगळं असतं त्यांनाही खडू वाटून घ्यायला अडचण येत नाही.

शब्दांचं एक सांगते. नीत शिकवायला लागणारे शब्द मुलाच्या घरच्या भाषेत आपल्या तोंडी हवेत, निदान पाच-सहा. झोक्यापाशी आमची मराठी मुलं ‘माझा नंबर’ म्हणतात, बिहारचा मुलगा ‘मेरी बारी’, कलबुर्गीकडची मुलगी ‘नन्न सरदि’. नेपाळी मुलगा ‘मेरो पालो’ म्हणाला तेव्हा मला हसू आलं, पालो आणि आपली पाळी जवळजवळ एकच. मुलाला शब्द सापडला नाही की हात चालतो. माझ्या वर्गात ढकलाढकली करणाऱ्यांत अर्धी तरी मुलं अशी असतात की त्यांना मराठीत ‘मला पण हवंय’ म्हणता येत नसतं. त्यांना आपण मस्तीखोर ठरवून मोकळे होतो. आईला विचारून शब्द लिहून घ्या, भिंतीवर लावा, चुकीच्या उच्चारात का होईना वापरा. मुलं हसतात. हसू देत.

तसंच आदराचं. आपली मुलं बाईंना सरळ ‘तू’ म्हणतात: ‘ए ताई, तू उद्या येणारेस का?’ त्यात आईशी बोलण्याची जवळीक असते. लखनौकडच्या एका आईला ते ऐकून धक्का बसला होता. तिचा मुलगा भावालाही ‘आप’ म्हणायचा. दोघंही आपापल्या घरच्या हिशेबाने आदरच करत होते. उलट बाजूनेही बघा. आपण रागावलो की मूल मान खाली घालून जमिनीकडे बघतं. काही बाई म्हणतात, ‘माझ्याकडे बघ, मी बोलतेय.’ कित्येक घरांत मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं हाच उद्धटपणा असतो. ते मूल तुमचा मान राखत असतं आणि तुम्ही त्याला आडमुठं म्हणता.

‘सॉरी’बद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘सॉरी म्हण’ हे मी वर्गातून काढूनच टाकलंय. मुलं ते शिंकेसारखं म्हणतात आणि पुन्हा ढकलतात. त्याऐवजी काहीतरी करायचं असतं. गुडघा खरचटला? ओला रुमाल तू आण. तिचा मनोरा पाडलास? ती सांगेल तसे ठोकळे तू उचलून दे. कधीकधी पडलेली म्हणते, ‘नको, त्याला हात लावू देऊ नका.’ तेही मान्य करायचं. माफ करायची सक्ती नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या वयात मूल हेतूपेक्षा नुकसान मोजतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये छापलेल्या अभ्यासात मुलांना दोन प्रसंग सांगितले होते: एका मुलाने दार ढकललं आणि नकळत मागचे १५ कप फुटले, दुसऱ्याने गुपचूप मुरंबा काढताना एकच कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणाली, १५ फोडणारा. आमच्याकडे दर पावसाळ्यात हेच होतं. एकाने मदत करायला म्हणून पाण्याची बादली उचलली आणि सगळी सांडली. दुसरीने मुद्दाम वाटीभर पाणी कुणाच्या चित्रावर ओतलं. वर्गाचा निकाल ठरलेला: बादलीवाला वाईट. म्हणून मी मोठ्याने बोलून दाखवते, ‘‘याला बादली उचलून द्यायची होती, ती जड निघाली.’’ हे वाक्य वर्षभरात शंभरदा म्हणावं लागतं. पाच वर्षांची मुलं मग ते आपण होऊन म्हणायला लागतात, तीनची म्हणत नाहीत, आणि त्यांच्याकडून अपेक्षाही धरू नये.

गोष्टी बंद करायच्या का? अजिबात नाही. तात्पर्य बंद करा. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. ही गोष्ट आपण किती वर्षं सांगतोय! मोठी माणसं त्यातून काय काय काढतात, पक्कं घर बांधा वगैरे. मी एकदा ती अर्ध्यावर थांबवली. पाऊस पडतोय, काऊ दारात भिजतोय, आतून चिऊ म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. विचारलं, दार उघडायचं का? वर्ग दोन भागांत फुटला. ‘‘काऊला ताप येईल.’’ ‘‘पण तो पिल्लू खाईल.’’ ‘‘त्याला गॅलरीत बसवा.’’ वीटभट्टीवरच्या एका मुलीने सांगितलं, ‘‘आमचं घर पण गेलं होतं पावसात, मग आम्ही मावशीकडे झोपलो.’’ तिने हे सांगितल्यावर दाराचा प्रश्नच वेगळा झाला. निकाल मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी ठोकळ्यांच्या घराला दोन खोल्या होत्या आणि एकीत काळा कागद चुरगळून ठेवलेला, काऊ म्हणून. तुमच्या वर्गातल्या आयांकडून त्यांच्या त्यांच्या गोष्टी मागवा, त्यांच्याच भाषेत सांगायला लावा, आणि शेवटाआधी थांबवा.

एक जपा मात्र. वर्गात एकच मुसलमान मूल असेल तर ‘ईद कशी असते ते सगळ्यांना सांग बरं’ असं त्याला उभं करू नका. तो चार वर्षांचा आहे, त्याला समाजाचा प्रतिनिधी करू नका. सणांची ती एका दिवसाची वेशभूषा मला कधीच भावली नाही. त्याऐवजी कुणाची आजी येऊन गोधडीचे टाके घालेल, कुणाची आई मेंदी काढेल, कुणाचे वडील मापाने लाकूड कापून दाखवतील. मुलांना माणूस आणि त्याचा हात दिसतो.

आणि खराटा. हे कुणी बोलत नाही म्हणून बोलते. तुमच्या वर्गात झाडायला कोण उठतं, सांडलेलं पुसायला तुम्ही नकळत कुणाला हाक मारता, बघा. मी एकदा आठवडाभर खुणा करून ठेवल्या तर माझीच मला लाज वाटली. तीच तीन मुलं, आणि ती कुठल्या वस्तीतली हे सांगायला नको. तेव्हापासून खराट्याचा, पाण्याचा, चपला लावण्याचा नंबर ठरलेला, फोटो लावून, रोज बदलणारा. मुलग्यांनाही खराटा. एका वडिलांनी हरकत घेतली, ‘आमच्या पोराच्या हातात झाडू?’ मी म्हटलं, उद्या माझा नंबर आहे, बघायला या. आले नाहीत, पण हरकतही पुढे नेली नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडला काम नेलं. जी मुलं शाळेपर्यंत येत नव्हती त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात त्यांनी शाळा नेली. कोण कुणाच्या दारात गेलं, यातच त्या शिकवणीचा मोठा भाग होता असं मला वाटतं.

चांगलं वागल्याबद्दल स्टिकर? मी दिले, दोन वर्षं. मुलं एकमेकांना मदत करताना माझ्याकडे बघायला लागली, बाईंनी पाहिलं का. मग बंद केले.

सगळ्यात अवघड राहतं ते घर. ‘कुणी मारलं तर तू पण दोन ठेवून ये,’ असं सांगणारी आई तुम्हाला भेटेलच. तिला चूक ठरवू नका. ती ज्या चाळीत राहते तिथे रडत घरी येणाऱ्या पोराचं काय होतं ते तिला माहीत आहे. मी तिला इतकंच म्हणते, ‘‘गल्लीचं तुम्ही बघा. इथे मी आहे. इथे आधी मला सांगायचं, आणि मी ऐकलं नाही तर तुम्ही मला जाब विचारा.’’ मुलं जशी घरी कन्नड आणि इथे मराठी बोलतात, तसे दोन ठिकाणचे दोन नियमही सांभाळतात. फक्त तुमचा शब्द खरा हवा. त्याने येऊन सांगितलं आणि तुम्ही फोनवर बोलत ‘हो हो’ केलंत, तर तिसऱ्या दिवशी तो आईचं ऐकेल, आणि बरोबरच करेल.

राहिला तो वीस मिनिटांचा तास. संस्था म्हणेल, नव्या शैक्षणिक धोरणातच मूल्यं लिहिलीत. लिहिलीत, खरंय. पण २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा काढून दाखवा. तीन ते आठ वयाला शिकणं खेळातून, गप्पांतून, घरच्या भाषेतून व्हावं यावरच त्यात भर आहे. तरी वेळापत्रकात तास दिसायलाच हवा म्हणाले, तर वाद घालू नका. मी ‘मूल्यशिक्षण’ हा शब्द डब्याच्या सुट्टीसमोर लिहिते. ११ ते ११.२०. तपासणीला आलेल्या मॅडमनी एकदा विचारलं, तास कुठे चाललाय? मुलं हात धुवायला रांगेत उभी होती आणि साबणाची एकच वडी होती. मी म्हटलं, ‘‘हा काय, चाललाय. तुम्ही पण या, तुमचा नंबर नेपाळी मुलाच्या मागे.’’